बोचरी नसलेला पट्टा

एकतीस नंबरच्या नाकाला वास येत नव्हता. बत्तीसलाही नाही, तेहेतीसलाही नाही. थेट छत्तीसपर्यंत प्रत्येकापुढे एकच आकडा होता: शून्य.

साक्षी मांडवकरने चहाचा कप बाजूला सरकवला आणि पडद्यावरचा नकाशा मोठा केला. तळवट गावाच्या डोक्यावरचा अख्खा सडा त्यात दिसत होता, आणि तो हिरवा होता. हिरवा म्हणजे निर्धास्त. बाहेर मात्र परतीचा पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता.

एरवी तिने आकड्यांचा तक्ता उघडलाही नसता. रंग बघायचा, नोंद करायची, इतकंच तिचं रोजचं काम. पण सकाळी खालच्या वाडीतली मनाली पाण्याला गेली आणि रिकामा हंडा घेऊन परत आली. "विहिरीचं पाणी दूध ओतल्यागत पांढरं झालंय गो," ती म्हणाली होती. "ह्या दिवसांत असं कधी नाय झालं."

पांढरं पाणी म्हणजे शेडी. ते ऐकून साक्षीने तक्ता उघडला होता.

कोकणातल्या सड्यांची रचना थोडी फसवी असते. वर जांभ्याचा कडक कातळ, त्यावर बोटभर माती. वाटतं, जगबुडी आली तरी हे हलणार नाही. पण कातळाखाली शेडीचा थर असतो. पांढरट, गुळगुळीत चिकणमाती. कातळाच्या भेगांमधून पाणी खाली मुरलं, की शेडी फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. मग वरचा कातळ, त्यावरची झाडं, उतारावरची घरं, सगळं तिच्यावरून घसरू शकतं. भेग रुंदावते आहे हे वेळेत कळलं तर माणसं वाचतात. अडचण अशी, की सड्यावर भेगा हजारो असतात. प्रत्येकीत यंत्र कोण बसवणार?

तो प्रश्न एका रानफुलाने सोडवला होता. तळवटच्या सड्यावर तुळशीच्या कुळातलं एक वीतभर उंचीचं झुडूप उगवतं. जांभळट पांढरी, दोन ओठांची फुलं. आणि प्रत्येक फुलाखालच्या हिरव्या पेल्याला सुईसारखे पाच काटे. अनवाणी चालणाऱ्या गुराख्यांनी त्याला नाव दिलं बोचरी. जूनमध्ये रुजायचं, भाद्रपदात फुलायचं, दिवाळीनंतर वाळून जायचं, असं त्याचं आयुष्य. आणि रुजायचं ते फक्त कातळाच्या भेगेत. पुण्याच्या डॉ. नीलांबरी केळुसकर यांनी या झुडपावर अकरा वर्षं काढली. बोचरीची केसासारखी मुळं भेगेच्या दोन्ही कडांना चिकटतात. भेग सुतभर जरी उघडली, तरी ती ताणली जातात, आणि ताणलेल्या मुळांची खबर पानांना मिळते. एरवी पानांतून कापरासारखा वास येतो. मुळं ताणली गेली, की तासाभरात तो बदलतो आणि कडू होतो. माणसाच्या नाकाला तो फरक पानाला अगदी टेकल्याशिवाय कळत नाही; पण केळुसकर बाईंनी बनवलेल्या, हातभर काठीवर बसवलेल्या संवेदकाला कळतो. तळवटच्या सड्यावर अशा एकशेचाळीस काठ्या रोवलेल्या होत्या. गाव त्यांना नाकं म्हणायचं, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या साक्षीला नाकवाली.

शांत बोचरीचाही वास येतो. थोडा, पण येतोच. शून्य कसा येईल?

तिने पुण्याला फोन लावला.

"पावसाने वास धुऊन जातो कधीकधी," केळुसकर मॅडम म्हणाल्या.

"मग बाकीच्या एकशेचौतीस नाकांना कसा येतो, मॅडम? तिथेही तोच पाऊस आहे."

मॅडमनी पलीकडे तोच तक्ता उघडला. "सॉफ्टवेअर शून्याला काय समजतं, आठवतंय ना?"

"शांत."

"वर जा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. आणि फोन चालू ठेव."

*

सडा चढायला तिला चाळीस मिनिटं लागली. वर वारा इतका होता, की छत्रीचा उपयोगच नव्हता. कातळावरची सगळी डबकी भरून एकमेकांत मिसळली होती. गवताच्या कडेने निळी, पिवळी इवली फुलं पाण्यात माना घालून उभी होती. पहिल्या तीस नाकांभोवती बोचरी दाट होती. इतकी, की पायातले गमबूट जपून टाकावे लागत होते.

एकतीसव्या नाकापाशी ती थांबली.

भेग होती, झुडूप नव्हतं. पुढच्या भेगेतही नव्हतं. खालच्या वाडीच्या बरोबर वर, दोनशे पावलं लांबीच्या पट्ट्यात बोचरीचं एकही झाड उरलं नव्हतं. गुरांनी खाल्लं म्हणावं तर गुरं त्या काट्यांना तोंड लावत नाहीत. ती गुडघ्यावर बसली. भेगेच्या कडेची माती खुरप्याने उकरलेली होती. व्यवस्थित, ओळीने, मुळासकट.

मधल्या एका भेगेत सबंध ओहोळ शिरत होता. भेग चार बोटं रुंद होती. मागच्या आठवड्यात पुण्याला प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी तिने इथे पेन्सिल घालून पाहिली होती, तेव्हा ती शिरली नव्हती. आता तिची अख्खी मूठ आत गेली. पाणी आत पडत होतं आणि भरत नव्हतं. कुठे चाललं होतं ते तिला ठाऊक होतं. मनालीच्या हंड्यात.

भेगेच्या टोकाला, एका कपारीत, एक झुडूप खुरप्यातून सुटलं होतं. साक्षीने नाक पानाला टेकवलं. काटा ओठाला लागला. कापूर नव्हता. जळक्या कडुलिंबासारखा उग्र, कडू वास होता, आणि तो इतका स्पष्ट होता की ती दचकून मागे सरकली.

मग तिला थोरल्या भावाचे, दादाचे हात आठवले.

चार दिवसांपूर्वी ती पुण्याहून परतली, तेव्हा सुयोगदादाची बोटं सुजलेली होती. कातडीत काळे ठिपके दिसत होते. "करवंदीच्या जाळीत शिरलो होतो," तो म्हणाला होता, आणि तिने त्याच्या हातांना हळद लावून दिली होती. करवंदीचा काटा आत मोडत नाही. बोचरीचा मोडतो, आणि त्याचं टोक काळं पडतं. हे तिच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिला त्या दिवशी कळलं नव्हतं. कळून घ्यायचं नव्हतं, असंही असेल.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत नकाशा लाल झाला होता. साक्षीनेच भोंगा वाजवला होता, आणि सगळी खालची वाडी तालुक्याच्या शाळेत हलवली होती. वडिलांचा, आबांचा दमा आधीच बळावलेला. शाळेच्या ओल्या फरशीवर चौथ्या दिवशी त्यांचा श्वास अडकला तो सुटलाच नाही. नऊ दिवसांनी वाडी परत आली, तेव्हा डोंगर होता तिथेच होता. एक दगडसुद्धा हलला नव्हता. सुयोगने तिला एकही वावगा शब्द बोलून दाखवला नाही. फक्त त्यानंतर सड्याकडे बघणं सोडलं.

आणि आबांची तिथ गेल्याच आठवड्यात होऊन गेली होती.

*

"पट्टा लाल करता येईल का इथून?" ती पावसात ओरडून विचारत होती.

"ती सहा नाकं वगळली तर नकाशा पांढरा होतो. माहिती अपुरी, असं म्हणतो. लाल होत नाही." केळुसकर मॅडमचा आवाज तुटत होता. "जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला मी कळवते. तू वाडी हलव. भेगेत मूठ जाते म्हणजे तासांचा प्रश्न आहे, साक्षी. किती तासांचा, ते मला सांगता येणार नाही."

आपत्ती कक्षातून तिला उतारावरच फोन आला. अधिकारी सभ्यपणे बोलत होता. "मॅडम, आमच्याकडे अजून हिरवं दिसतंय. लाल आल्याशिवाय मला बस सोडता येत नाहीत. गेल्या वेळी लाल होतं, तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे," साक्षी म्हणाली. "माझे वडील गेले त्यात."

पलीकडचा माणूस ओशाळला. "लोक स्वतःहून निघाले, तर आम्ही अडवणार नाही," एवढंच तो म्हणाला.

खालची वाडी म्हणजे तेवीस घरं आणि एक्क्याण्णव माणसं. पोलीस पाटील यशवंततात्यांनी घंटा बडवली आणि दुपारी दोनला देवळासमोरच्या सहाणेच्या दगडी चौथऱ्यावर माणसं गोळा झाली. कुणी डोक्यावर इरलं घेतलं होतं, कुणी खताची पिशवी. सुयोग मागच्या खांबाला टेकून उभा होता.

साक्षीने सांगायचं ते सांगितलं. पांढरं पाणी, भेग, मूठ.

"फोन दाखव तुझा," गर्दीतून कुणीतरी म्हटलं.

तिने दाखवला. फोन हातोहात फिरला. हिरवा नकाशा सगळ्यांनी बघितला.

"तुझी नाकंच म्हणतायत बरं हाय म्हणून," मनालीचा सासरा म्हणाला. "मग आमी कशापायी जायचं? माझी आई अंथरुणाला खिळलेली. परत त्या फरशीवर नेऊन टाकू?"

"काका, तिथे झाडंच नाहीत. नाकांना वास येणार कुठून? नाक गप्प आहे म्हणजे डोंगर ठीक आहे, असं नाही."

"झाडं कुठं गेली?"

"उपटलीत. खुरप्याने."

यशवंततात्यांनी चष्मा काढून पुसला. "कोणी उपटली, बाय?"

साक्षीने तोंड उघडलं. खांबाजवळ सुयोग तिच्याकडेच बघत होता. संरक्षित यादीतलं झाड. एक उपटलं तरी तीन वर्षांची कैद, हे गावातल्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं होतं. आणि कैदेचं राहू दे. वाडीचे डोळे फोडणारा म्हणून याच माणसांत त्याला जन्मभर राहावं लागलं असतं. तिने नाव घेतलं नाही, तर लोकांनी तिचं ऐकलं नसतं. गुरांनी तुडवली असतील, वाऱ्याने गेली असतील, म्हणत सगळे घरी गेले असते. भेगेत पाणी पडतच राहिलं असतं.

"मला..." ती म्हणाली, आणि तिने खांबावरून नजर काढली.

"कोन उपटेल? काय मिळतं त्यात?" मनालीचा सासरा उठलाच. "चला रे. चुली विझल्या असतील."

दोनचार जण त्याच्याबरोबर वळले.

"मी उपटली."

सुयोग खांबापासून पुढे आला. दोन्ही हात त्याने समोर धरले होते, एखादी वस्तू दाखवावी तसे. "आबांची तिथ झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ही पुण्याला होती. पाच दिवस रोज पहाटे गेलो. आपल्या वाडीच्या डोक्यावर एक झाड ठेवलं नाय. परत तो भोंगा वाजू नये म्हणून." तो थांबला. "काका, तुमच्या आईला पाठुंगळीला मी घेतो. पण चला. ही खोटं बोलत नाय. मी हिला करवंदीचं खोटं सांगितलं, ते हिने मानलं. ही बोलत नाय खोटं."

मनालीने पायातली चप्पल काढली. साक्षीला वाटलं, ती आता मारणार. पण तिने चप्पल हातात धरली, साडी खोचली आणि चिखलातून पोरांना आणायला घराकडे धावली. मग सगळेच धावले.

*

तालुक्याची शाळा लांब होती. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर आंब्याचं पॅकिंग हाऊस होतं. पत्र्याचं, मोठं, कोरडं. साकव ओलांडून वीस मिनिटांची वाट. तात्या साकवाच्या तोंडाशी वही घेऊन उभे राहिले आणि प्रत्येक डोकं पुढे गेलं की रेघ मारू लागले.

सुयोगने खरोखरच मनालीच्या आजेसासूला पाठीवर घेतलं. तिला पलीकडे सोडून तो परत आला आणि दुसऱ्या एका म्हातारीला घेऊन गेला. वाटेत त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. एका पोरसवदा माणसाने त्याला मुद्दाम खांदा मारला. तो पडता पडता सावरला, पाठीवरच्या बाईला नीट वर घेतलं आणि चालत राहिला.

पावणेपाचला तात्यांच्या वहीत नव्वद रेघा होत्या.

"कोण राहिलं?" साक्षीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"तुझा भाऊस. गोठ्यांतली गुरं सोडायला गेला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, खुंट्याला बांधलेली कशी ठेवू."

ती साकवावर धावली. तात्यांनी तिचा दंड पकडला. साठीच्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. "एक रेघ बाकी हाय," ते म्हणाले. "दोन करू नको."

पलीकडून म्हशी येऊ लागल्या. एक, तीन, मग पाच-सहा एकदम, फुरफुरत, शेपट्या उभ्या करून. ओढ्याचं पाणी तेवढ्यात अचानक कमी झालं. वरून कुणी नळ बंद करावा तसं. वर कुठेतरी पाणी अडलं होतं.

"दादा!" ती ओरडली. "दादा, सोड ती! ये!"

आवाज असा फारसा आलाच नाही. आधी तिला वाडीमागचा फणस दिसला. तो पडला नाही. उभाच्या उभा चालू लागला. त्याच्याबरोबर मागची नारळी, दगडी गडगा, एका घराचं कौलारू छप्पर, सगळं एकत्र, जवळजवळ सावकाश, ओढ्याकडे सरकलं. मग खालून पांढरा चिखल उसळला आणि सगळं वेगाने घडलं. जमीन थरथरली. साकवाचा कठडा तिच्या हातात हलला.

म्हशींच्या मागून सुयोग आला. पळत नव्हता, गुडघाभर चिखलात पाय उपसत, एका वासराला ओढत येत होता. तात्यांनी साक्षीला सोडलं आणि दोघांनी साकवाच्या टोकाशी वाकून त्याला हाताला धरून वर खेचलं. त्या सुजलेल्या बोटांना तिने इतकं घट्ट धरलं, की तो कळवळला. वासराचं दावं त्याने तरीही सोडलं नव्हतं.

तिघं टेकाड चढले. मागे वळून कुणी पाहिलं नाही. पॅकिंग हाऊसच्या दारात पोचल्यावर तात्यांनी भिजलेल्या वहीत शेवटची रेघ मारली आणि खाली बसून लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

अकरा घरं गेली होती. त्यात मांडवकरांचं होतं.

*

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. केळुसकर मॅडम पुण्याहून आल्या. पांढऱ्या केसांची, काठी घेऊन चालणारी बाई. सड्याचा मोडलेला काठ त्यांनी लांबूनच बघितला. उरलेल्या सड्यावर बोचरी फुललेली होती, आणि तिथली सगळी नाकं पुन्हा कापराचा वास सांगत होती.

"बोचरीचं बी मातीत सातआठ वर्षं निपचित राहतं," त्या म्हणाल्या. "जेवढा काठ उरलाय, तिथे परत येईल. मी आले ते दुसऱ्या कामाला." त्यांनी पिशवीतून कागद काढले. "कोकणात एक्केचाळीस गावांत आपली नाकं आहेत. सगळीकडे शून्य म्हणजे शांत, असंच धरलंय. ती चूक माझी. मी तसं लिहिलं, कारण कुणी झाडं उपटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता ते बदलायचं तर समितीला कारण लागेल, साक्षीदाराच्या सहीसकट. पट्टा रिकामा का होता?"

साक्षीने कागदांना हात लावला नाही.

"कारण अज्ञात, असंही लिहिता येतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मग चौकशी लागेल. वर्ष जाईल, दोन जातील. तोवर एखाद्या गावात पुन्हा कुणाला भोंगा नकोसा होईल. मी तुला काही सांगत नाही. कागद तुझ्यापाशी ठेवते."

सुयोग पॅकिंग हाऊसच्या मागे चर खणत होता. बाकीचे पुरुष दुसऱ्या टोकाला चर खणत होते. मधे मोकळी जागा होती. साक्षी त्या मोकळ्या जागेतून चालत गेली आणि त्याच्याजवळ मातीच्या ढिगावर बसली.

"मॅडमनी जुने आकडे परत तपासले," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीची ती हीच भेग होती, दादा. तेव्हा उघडायला लागली आणि थांबली. तो भोंगा खोटा नव्हता. आबा..."

"नको." त्याने कुदळ टेकवली. "ते मला सांगू नको. खरं असेल, पण नको. आबा त्या फरशीवर माझा हात धरून, घरी ने, घरी ने म्हणत होते. ते खरं-खोट्यात बसत नाय."

"मीच नेलं होतं त्यांना तिथे."

"तूच नेलंस," तो म्हणाला. रागाने नाही. मग त्याने चराच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याला कुदळीने वाट करून दिली. "आणि परवा मी नव्वद माणसं तिथे ठेवली असती, हिरव्या नकाशाखाली. माझं काय घेऊन बसलीस."

तिच्या हातातले कागद त्याने बघितले. "काय हाय ते?"

तिने सांगितलं. एक्केचाळीस गावं. शून्य. सही. कारण अज्ञात असंही लिहिता येतं, हेही सांगितलं. सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी लिहिलं तर तुला नेतील," ती म्हणाली. "तीन वर्षं, दादा."

"आणि नाय लिहिलंस तर?"

त्याने कुदळ भिंतीला लावली, हात पँटला पुसले आणि तिच्या शेजारी बसला. पलीकडच्या टोकाला खणणं थांबलं होतं. माणसं इकडेच बघत होती.

"पेन हाय का?" त्याने विचारलं.

तिने पेन काढलं. कागद गुडघ्यावर ठेवला. अक्षरं दिसत नव्हती म्हणून तिने बाहीने डोळे पुसले.

"लिही," तो म्हणाला, एखाद्या अनोळखी कारकुनासमोर बसल्यासारखा, शब्द सुटे करत. "सुयोग अनंत मांडवकर. वय एक्केचाळीस. राहणार घर नंबर..."

तो अडखळला. ओढ्यापलीकडे, जिथे ते घर होतं, तिथे ओला पांढरा चिखल उन्हात चकाकत होता.

"राहणार तळवट," तो म्हणाला. "एवढंच लिही."